उलट्या करवणाऱ्या पानांतून हृदयाचं औषध शोधणारा डॉक्टर

पाय सुजायचे, पोटात पाणी व्हायचं, आडवं झालं की दम लागायचा. 18व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये याला ड्रॉप्सी म्हणत. अनेकदा मूळ दुखणं हृदयाचं असायचं, पण तो संबंध तेव्हा नीट उलगडला नव्हता.

विल्यम विदरिंगचा जन्म 1741 चा, श्रॉपशायरमधला. एडिनबरात डॉक्टरकी शिकताना वनस्पतीशास्त्राचा त्याला चक्क कंटाळा होता. पुढे हेलेना भेटली. ती फुलांची चित्रं काढायची. तिच्यासाठी फुलं गोळा करता करता गडी वनस्पतींच्या नादाला लागला. त्यांचं लग्न झालं आणि 1776 मध्ये त्याचं ब्रिटनच्या वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तकही आलं.

त्याच्या आदल्याच वर्षी एका घरगुती काढ्याबद्दल त्याचं मत विचारलं गेलं होतं. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचं ते गुपित. डॉक्टरांनी हात टेकलेले ड्रॉप्सीचे पेशंट त्याने कधीकधी बरे व्हायचे, पण उलट्या-जुलाबांनी बेजार व्हायचे. काढ्यात 20 हून जास्त वनस्पती होत्या. खरं काम करणारी एकच, फॉक्सग्लव्ह, हे विदरिंगने ओळखलं.

खरी अडचण पुढेच होती. बर्मिंगहॅममध्ये तो गरिबांना फुकट तपासायचा, त्यांनाच ही पानं द्यायला लागला. (आज हे कुठल्याच नियमात बसलं नसतं.) सुरुवातीचे डोस फार मोठे होते, दोन डोसमधलं अंतर फार कमी. औषध शरीरात साठत जायचं आणि पेशंट आणखी खंगायचे. मग त्याने फुलोऱ्याच्या वेळी तोडलेली पानं वाळवून मोजून द्यायला सुरुवात केली. लघवी वाढली, मळमळलं किंवा नाडी मंदावली की डोस बंद.

10 वर्षांच्या या नोंदी 1785 मध्ये पुस्तकरूपात आल्या, फसलेल्या केसेससह. चक्कर, सगळं हिरवं-पिवळं दिसणं, नाडी मिनिटाला 35 पर्यंत उतरणं, शेवटी मृत्यू, हे सगळं त्यात आहे. अपयश न लपवणं हेच त्याचं मोठेपण.

या पानांतली द्रव्यं हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि हृदय जोराने आकुंचन पावतं. प्रमाण थोडं चढलं की तेच कॅल्शियम ठोक्यांची लय बिघडवतं. किडनी कमजोर असेल किंवा रक्तात पोटॅशियम कमी असेल, तर नेहमीचा डोसही जास्त ठरतो.

1799 मध्ये, 58 व्या वर्षी, क्षयाने विदरिंग गेला. याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडापासून 1930 मध्ये डिगॉक्सिन वेगळं केलं गेलं. ते आजही दिलं जातं, आणि गरज पडली की रक्तातलं त्याचं प्रमाण तपासलं जातं. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनमधल्या चर्चमध्ये विदरिंगचं स्मारक आहे. त्यावर फॉक्सग्लव्ह कोरलेलं आहे.