बर्लिनच्या आकाशातील वायुनौका

हॅरोच्या शाळेत असताना जवाहरलाल नेहरूंनी वडिलांना एक मौजेचे पत्र धाडले. राइट बंधूंच्या विमानाच्या वार्तांनी ते इतके हरखले होते की, लवकरच शनिवार-रविवारच्या सुटीत आपण हवेतून घरी येऊन भेटून जाऊ, असे त्यांनी कळविले. आगबोटीने हाच प्रवास काही आठवड्यांचा होता!

पुढे ते केंब्रिजला शिकत असताना मोतीलालजी युरोपात आले. २९ ऑगस्ट १९०९ रोजी पितापुत्र बर्लिनमध्ये होते. टेम्पेलहोफच्या मैदानावर लाखो माणसे लोटली होती. स्वागतास खुद्द कैसर होते. ठरल्या वेळी काउंट झेपेलिन यांची ती अजस्र वायुनौका आली आणि दोघांच्या माथ्यावर डौलाने घिरट्या घालू लागली. हॉटेलने पाहुण्यांना झेपेलिन यांचे चित्र भेट दिले. पंचवीस वर्षांनंतरही जवाहरलालांनी ते जपून ठेवले होते.