कामगारांच्या हाती लेखणी देणारा धर्मगुरू : कार्डिनल जोसेफ कार्डाइन

दरवर्षी १ मे रोजी ख्रिस्तसभा कष्टकरी संत जोसेफ यांचा सण साजरा करते. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये हा सण सुरू केला. कामगारांसाठी विशेष ख्रिस्तयाग अर्पण करण्याचा प्रघात आता आपल्याकडेही रुळला आहे. आपल्या युवक-युवतींच्या शिबिरांत 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्रिसूत्रीही अनेकांच्या कानावर पडली असेल. तथापि ही त्रिसूत्री कोणाची आणि ती कोणत्या वेदनेतून जन्मली, हे विचारले असता बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून या वेळी आम्ही तिच्या जनकाचा, बेल्जियमचे कार्डिनल जोसेफ कार्डाइन यांचा, जीवनपट वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जोसेफ यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८८२ रोजी ब्रसेल्सला लागून असलेल्या स्खारबेक येथे झाला. त्यांचे बालपण हाल्ले या गावी गेले. हाल्ले हे पवित्र मरियेचे प्राचीन तीर्थक्षेत्र असून तेथील सावळ्या मरियामातेच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक येतात. वडिलांचा कोळशाचा लहानसा व्यापार होता. घरात शिक्षण नव्हते, भक्ती मात्र होती. गावाभोवती कारखाने उभे राहत होते आणि जोसेफच्या वयाची मुले त्यांत कामाला लागत होती. बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात राबविण्यास बंदी घालणारा कायदा बेल्जियममध्ये १८८९ साली झाला. याचा अर्थ असा की तेरावे वर्ष लागलेल्या मुलाने कामावर जाणे यात कोणालाही वावगे वाटत नव्हते.

जोसेफच्या वडिलांनीही मुलगा आता कमावता होईल, अशीच आशा धरली होती. परंतु मुलाने धर्मगुरू होण्याची इच्छा बोलून दाखविली तेव्हा त्या गरीब दांपत्याने अधिक कष्ट उपसण्याचे ठरविले आणि त्याला पुढे शिकू दिले. पुढे जोसेफ मेखेलेनच्या लघु गुरुविद्यालयात दाखल झाले. सुट्टीत ते घरी येत, तेव्हा कालपर्यंत गळ्यात गळा घालून हिंडणारे सवंगडी तोंड फिरवू लागले. ती मुले आता कामगार झाली होती. त्यांच्या लेखी ख्रिस्तमंदिर मालकांचे होते आणि धर्मगुरू होऊ घातलेला जोसेफ हा मालकांच्या बाजूचा माणूस होता. ज्यांच्यासह त्याने पहिला पवित्र कम्युनियन संस्कार घेतला, त्यांच्याच दृष्टीने तो परका ठरला. हा घाव कधीच भरून आला नाही. १९०३ मध्ये वडील निवर्तले. त्यांच्या मृत्युशय्येशेजारी जोसेफ यांनी आपले सारे आयुष्य कामगारवर्गासाठी वेचण्याची शपथ घेतली. अशा शपथा पुष्कळ जण घेतात. कार्डाइन यांनी ती चौसष्ट वर्षे पाळली.

२२ सप्टेंबर १९०६ रोजी कार्डिनल मर्सिये यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी लूव्हेनच्या विद्यापीठात त्यांची रवानगी झाली. तेथे त्यांना प्राध्यापक व्हिक्टर ब्रांट्स हे गुरू लाभले. ब्रांट्स हे फ्रेंच कॅथलिक अभियंते फ्रेडरिक ले प्ले यांच्या परंपरेतले. ले प्ले हे खाणींचे तज्ज्ञ. कामानिमित्त युरोपभर फिरताना ते कामगार कुटुंबांच्या घरी जात, मिळकत किती, भाकरीवर किती, भाड्यावर किती, आजारपणावर किती, असा पै-पैचा हिशेब टिपून घेत. अशा छत्तीस कुटुंबांचा वृत्तान्त त्यांनी १८५५ मध्ये 'युरोपातील कामगार' या ग्रंथात प्रसिद्ध केला. समाज सुधारायचा तर आधी तो मोजून, पाहून, समजून घेतला पाहिजे, ही शिस्त ले प्ले यांनी घालून दिली व ब्रांट्स यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांत रुजविली.

पुढील पाच वर्षे कार्डाइन बास-वाव्र येथील लघु गुरुविद्यालयात शिकवीत होते. सुट्ट्यांत मात्र ते प्रवासाला निघत. जर्मनीतील कामगारांच्या संघटना त्यांनी पाहिल्या. १९११ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि गोदी कामगारांचे पुढारी बेन टिलेट यांना भेटले. तरुण धर्मगुरूने एखाद्या संपवाल्या पुढाऱ्याची गाठ घ्यावी, हे त्या काळी अनेकांना रुचण्याजोगे नव्हते.

१९१२ मध्ये त्यांची नेमणूक ब्रसेल्समधील लाकेनच्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून झाली. लाकेन हे विलक्षण ठिकाण आहे. तेथे राजाचा वाडा आहे, आणि तेथील मरियामातेच्या मंदिराच्या तळघरात बेल्जियमचे राजे-राण्या चिरनिद्रा घेत आहेत. त्याच धर्मग्रामात कालव्याच्या बाजूला कामगारांची दाट वस्ती होती. नव्या सहायक धर्मगुरूंकडे स्त्रिया व मुलींच्या मंडळांचे काम सोपविण्यात आले.

ही मंडळे तेव्हा कशी चालत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. खानदानी घरच्या स्त्रिया रविवारी कामकरी मुलींना एकत्र जमवीत, त्यांना थोडे खेळवीत, थोडी करमणूक करीत, चार उपदेशाचे शब्द सांगत आणि घरी पाठवीत. हेतू चांगलाच होता. परंतु सोमवारी सकाळी ती मुलगी कोणत्या खोलीत, कोणत्या उजेडात, किती तास सुई चालविते, हे तिला कोणी विचारीत नसे. कार्डाइन यांनी विचारण्यास सुरुवात केली. अल्पावधीतच त्यांनी शिवणकाम करणाऱ्या मुलींची अभ्यासमंडळे उभी केली व त्यांची कामगार संघटना बांधण्यास हातभार लावला. लिएज येथे १९०७ मध्ये शिवणकामगार स्त्रियांची संघटना उभारणाऱ्या व्हिक्त्वार काप या तडफदार कॅथलिक युवतीचे त्यांना या कामी सहकार्य लाभले.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. कार्डाइन यांच्या कार्याचा इतिहास सांगताना फर्नांद तोने, पॉल गार्से आणि जाक मेर्ट या तीन तरुणांची नावे आदराने घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु पहिला प्रयोग झाला तो सुईदोऱ्यावर पोट भरणाऱ्या मुलींमध्ये. तो झाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते. या मुलींची नावे मात्र फारशी कोणी घेत नाही.

प्रयोग असा होता. ले प्ले यांच्या पद्धतीत शिकलेला माणूस कामगाराच्या घरी जाई, पाही आणि लिहून घेई. कार्डाइन यांनी लेखणी खुद्द कामगाराच्या हाती दिली. मंडळातील प्रत्येक मुलीने वा मुलाने आठवडाभर आपल्याच कामाच्या ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे आणि पुढच्या बैठकीत खरीखुरी माहिती आणायची. आजूबाजूच्या किती जणांनी शाळा कोणत्या वयात सोडली? काम कोणी मिळवून दिले? पहिल्या दिवशी कसे वागविले गेले? मजुरी किती, तास किती? जेवायला जागा आहे का, हात धुवायला पाणी आहे का, यंत्राला आडोसा आहे का? कामगारांच्या गाडीने जाता-येताना काय ऐकू येते? अशा धर्तीचे ते प्रश्न असत. ऐकीव गोष्ट चालत नसे. मग जमलेल्या माहितीवर शुभवर्तमानाच्या आणि ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीच्या प्रकाशात विचार होई. देवाची मुले म्हणून या माणसांच्या वाट्याला जे यायला हवे होते आणि प्रत्यक्षात जे आले, यांत अंतर किती, ते पारखले जाई. शेवटी प्रत्येकाने एक कृती ठरवायची. ती लहान असली तरी चालेल, पण त्या आठवड्यात होणारी हवी. नव्याने कामाला लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी सोबत करणे, एवढीही ती असू शके.

आरोग्य, शिक्षण आणि कामाचे ठिकाण हे आज आपण वेगवेगळ्या खात्यांचे विषय मानतो. त्या मुलांच्या वहीत ते एकाच पानावर येत. बेल्जियममध्ये चौदाव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९१४ साली झाला. परंतु चौदाव्या वर्षी शाळेचे दार बंद झाले की मुलगा थेट कारखान्याच्या दारात उभा राही, आणि दोन दारांमधली वाट त्याला कोणीच दाखवीत नसे. शाळेच्या अखेरच्या वर्षांतील मुलांना कामाच्या जगासाठी तयार करणे हे पुढे कार्डाइन यांच्या चळवळीचे एक मुख्य कार्य झाले. ही गरज मुलांनीच आणलेल्या माहितीतून पुढे आली होती.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगण्याचा मोह होतो. एका धर्मग्रामात काही वर्षांपूर्वी घरोघर फिरून मोठे सर्वेक्षण झाले. कुटुंबांनी मनापासून उत्तरे लिहून दिली. ते अर्ज कार्यालयाच्या कपाटात गेले आणि तेथेच त्यांना वाळवी लागली. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती पुन्हा कधी दिसली नाही. कार्डाइन यांच्या मंडळात असे घडणे शक्य नव्हते, कारण माहिती गोळा करणारे, तिचा अर्थ लावणारे आणि तिच्यावर उपाय योजणारे हात एकच होते.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम व्यापला. कामगारांना सक्तीने जर्मनीत नेले जाऊ लागले. त्याविरुद्ध आवाज उठविल्याबद्दल कार्डाइन यांना १९१६ मध्ये तुरुंगात टाकण्यात आले. १९१८ मध्ये त्यांना पुन्हा कारावास घडला. कोठडीतील एकांत त्यांनी आपल्या चळवळीची रूपरेषा आखण्यात घालविला. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, तोने, गार्से व मेर्ट यांच्या साथीने तरुण कामगारांची संघटना उभी राहिली. १९२४ मध्ये तिने 'तरुण ख्रिस्ती कामगार' हे नाव धारण केले.

विरोध झाला, आणि तो घरचाच होता. कॅथलिक युवकांची संघटना आधीच अस्तित्वात असताना केवळ कामगारांची वेगळी चूल कशाला, असा आक्षेप होता. वर्गभेदाचे विष ख्रिस्तसभेत शिरेल, अशी भीती थोरामोठ्यांना वाटत होती. स्वतः कार्डिनल मर्सिये साशंक होते. हा आक्षेप अगदीच पोकळ होता, असे आम्ही म्हणणार नाही. एकाच प्रभुभोजनास बसणाऱ्यांनी वेगवेगळ्या मंडळांत विभागले जावे का, हा प्रश्न खराच आहे. परंतु विभागणी आधीच झालेली होती. कामगार दाराबाहेर गेलेला होता. मार्च १९२५ मध्ये कार्डाइन रोमला गेले व त्यांनी पोप अकरावे पायस यांच्यापुढे आपले म्हणणे मांडले. पोप महोदयांनी त्यांना मनःपूर्वक पाठिंबा दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रसेल्स येथे संघटनेचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले.

त्यानंतर चळवळ झपाट्याने फ्रान्समध्ये आणि अन्य देशांत पसरली. १९३५ च्या ब्रसेल्स महामेळाव्यास सुमारे लाखभर तरुण कामगार जमले. बेकारीच्या त्या दशकात बेकार तरुणांना सांभाळण्याचे काम संघटनेने अंगावर घेतले. मात्र एवढ्या मोठ्या पसाऱ्याची किंमतही होती. वर्षभराच्या पाहणीचा विषय आता मध्यवर्ती कार्यालयातून ठरून येई. झेंडे, घोषणा, मिरवणुका यांचा झगमगाट वाढला. लाकेनच्या लहानशा खोलीतील मुलींची वही आणि क्रीडांगणावरचा तो जनसागर, यांत आमचे मन पहिल्याकडेच ओढ घेते.

दुसऱ्या महायुद्धाने क्रूर घाव घातले. १९४२ मध्ये कार्डाइन पुन्हा तुरुंगात गेले व काही महिन्यांनी सुटले. पॉल गार्से आणि फर्नांद तोने हे त्यांचे आरंभीचे साथी मात्र १९४५ च्या आरंभी दाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. सुटकेचा दिवस तेव्हा काही महिन्यांवरच होता. प्रभू त्यांना चिरशांती देवो.

युद्धानंतर कार्डाइन यांनी वृद्धापकाळातही खंडोखंडीचा प्रवास केला. १९५७ मध्ये रोम येथे तीस हजारांहून अधिक तरुण कामगार यात्रेस आले. पोप तेविसावे जॉन यांनी १५ मे १९६१ रोजी दिलेल्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात पाहणे, पारखणे आणि कृती करणे या तीन पायऱ्या सामाजिक शिकवण आचरणात आणण्याचा मार्ग म्हणून स्वीकारल्या. लाकेनच्या मुलींची पद्धत अशा रीतीने साऱ्या ख्रिस्तसभेची झाली. पुढे लॅटिन अमेरिकेतील महागुरूंनीही तिचा आधार घेतला.

आपल्या वाचकांना पोप सहावे पॉल यांची डिसेंबर १९६४ मधील मुंबईची भेट ठाऊक असेलच. आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेससाठी ते आले होते. मुंबईहून परतल्यावर तीन महिन्यांच्या आत, २२ फेब्रुवारी १९६५ रोजी, त्यांनी ब्याऐंशी वर्षांच्या कार्डाइन यांना कार्डिनल केले. तोवर ते साधे मोन्सिन्योर होते. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या अखेरच्या सत्रात ते परिषदेचे सदस्य म्हणून बोलले. कोळसेवाल्याचा मुलगा उशिरा का होईना, त्या सभागृहात पोहोचला होता.

२४ जुलै १९६७ रोजी लूव्हेन येथे त्यांनी देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत त्यांना धन्यवादित घोषित करण्यासाठीची प्रक्रिया सुरू झाली असून आज ख्रिस्तसभा त्यांना 'देवाचे सेवक' म्हणून ओळखते. त्यांचे पार्थिव लाकेनला नेण्यात आले. ज्या मंदिरात १९१२ साली ते सहायक धर्मगुरू म्हणून आले, ज्याच्या तळघरात बेल्जियमचे राजे विसावले आहेत, त्याच मंदिरात त्यांची कबर आहे.