जयपालसिंग मुंडा : घटना समितीत आदिवासींचे वकीलपत्र घेणारा नेता

आरे येथे १९४९ साली दुग्धवसाहत आली. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे त्यापूर्वीचे आहेत. या पाड्यांतील एखाद्या तरुणाच्या मनात बुद्धधम्माचा विचार आला, की एक भीती आडवी येते : धर्म बदलला तर सवलती जातील काय? ही भीती घालवायची असेल, तर जयपालसिंग मुंडा यांचे जीवन तुम्ही समजून घेतले पाहिजे.

१९०३ साली रांचीजवळच्या टकरा गावी एका मुंडा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिशनच्या शाळेत शिकताना ते ख्रिस्ती झाले आणि पुढे ऑक्सफर्डला गेले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार होते. त्या खेळापायी त्यांनी आय. सी. एस. ची नोकरीही सोडली. १९३९ साली ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले.

ते वकील नव्हते. पण घटना समितीत त्यांनी आदिवासींचे वकीलपत्र घेतले. १९ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना, आपला समाज या देशाचा मूळ रहिवासी असून लोकशाही त्याला कोणी शिकविण्याची गरज नाही, असे त्यांनी बजावले. घटनेत 'आदिवासी' हाच शब्द असावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या शब्दाला कायद्यात निश्चित अर्थ नाही, म्हणून बाबासाहेबांनी तो स्वीकारला नाही. मतभेद झाला, पण तो समोरासमोर आणि युक्तिवादाने झाला.

१९५२ च्या निवडणुकीत त्यांच्या झारखंड पक्षाने बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या. १९६३ साली मात्र त्यांनी तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला आणि चळवळीची धार बोथट झाली. स्वतंत्र पक्ष गमावण्याची किंमत काय असते, हे आपणांस सांगायला नको. २० मार्च १९७० रोजी ते वारले. झारखंड राज्य २००० साली झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जयपालसिंग ख्रिस्ती होते, तरी आदिवासी म्हणूनच लोकसभेत बसले. कारण अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती होती. त्यामुळे बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळा, ही मागणी १९६० च्या दशकापासून होत आली आहे. म्हणून सावध राहा.

आरेच्या बांधवांनो, पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र मुंबईपर्यंत पोहोचत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडे पडली, तेव्हा तुम्हांला संघटनेचाच आधार होता. धम्म घ्यायचा तर सवलतीच्या लोभाने घेऊ नका आणि सवलत जाईल या भीतीने टाळूही नका. समजून, पारखून घ्या. जमात जन्माने मिळते, धम्म विचाराने स्वीकारावा लागतो.

जय भीम!