शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरहून कलबुर्गी, वाडी, रायचूरकडे धावणारी आगगाडी आपल्या नित्य परिचयाची आहे. इ. स. १८७१ मध्ये हा लोहमार्ग रायचूरपर्यंत पोचला, तेव्हा त्याची मालकी ग्रेट इंडियन पेनिन्सुला या लंडनच्या कंपनीकडे होती. माल आपल्या मुलखाचा, अंगमेहनत आपल्या मजुरांची. पण भाडे किती आकारावे याचा अंतिम अधिकार मात्र परक्यांचा. वाहन ज्याचे, भाडे त्याच्या मर्जीचे, ही गोष्ट ज्यांच्या मनास आयुष्यभर डाचत राहिली, ते शेठ वालचंद हिराचंद याच मार्गावरील सोलापूर शहरी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मले.

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, जैनधर्मीय. सोलापुरात त्यांची कापसाची व सावकारीची पेढी होती. वालचंद तान्हे असतानाच त्यांची आई निवर्तली. महाविद्यालयात ते गेले, परंतु पदवीपर्यंत पोचले नाहीत. पेढीवर तक्क्याला टेकून व्याजाचे आकडे मांडणे त्यांच्या प्रकृतीस मानवले नाही. अशा वेळी, रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांची व त्यांची गाठ पडली. फाटकांजवळ कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांजवळ पत व धाडस होते, पण लोहमार्ग कसा बांधतात हे ठाऊक नव्हते. या जोडीने आरंभीचे काम घेतले ते बार्शी लाइट रेल्वेचे. कुर्डुवाडी ते बार्शी असा १८९७ मध्ये सुरू झालेला हा अडीच फुटी मार्ग पुढे तत्कालीन निजाम राज्यातील लातूरपर्यंत गेला, हे आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पुढे टाटांच्या साहाय्याने बोरघाटातील बोगद्यांसारखी बिकट कामेही वालचंदांनी पार पाडली.

एवढ्यावर थांबते, तर एक यशस्वी कंत्राटदार म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु पहिले महायुद्ध संपले आणि त्यांची दृष्टी समुद्राकडे वळली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात एक जुने प्रवासी जहाज विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय केले होते. युद्ध संपताच ते विक्रीस निघाले. वालचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांनी ते घेतले आणि मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. वालचंद स्वतः त्यावर होते. जहाजाचे नाव होते ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा! ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान देण्यास याहून चमत्कारिक नाव शोधून सापडले नसते. १९६४ पासून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

विद्यार्थिमित्रांनो, हे धाडस किती मोठे होते हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिळ्ळे यांनी १९०६ मध्ये काढलेली स्वदेशी जहाज कंपनी काही वर्षांतच बुडाली होती. ती बुडविण्याची रीत साधी होती. नवा स्पर्धक दिसला की बलाढ्य विलायती कंपनी भाडे खर्चाच्याही खाली उतरवी आणि तो बुडाला की पुन्हा चढवी. शिवाय व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्याचा काही भाग ती परत करी, पण केव्हा? ठरावीक मुदतीत त्याने दुसऱ्या कोणाच्या जहाजातून एकही नग पाठविला नसेल तरच! मग स्वदेशीचा कितीही कैवारी असला तरी दुकानदार काय करणार?

सिंदियाच्या वाट्यालाही हेच आले. ब्रिटिश इंडिया कंपनीचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांनी भाडेयुद्ध पुकारले आणि सबंध कंपनीच विकत घेण्याची तयारीही दाखविली. ती विक्री झाली नाही. पण १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. सिंदियाने केवळ किनाऱ्यावरील मालवाहतूक करावी आणि पंचाहत्तर हजार टनांच्या पुढे जाऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. वालचंदांना हा करार कधीही रुचला नाही. तरी त्याच्या बेडीत राहूनच पुढची वर्षे काढणे भाग होते.

येथून त्यांचा दुसरा उद्योग सुरू झाला, तो सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडण्याचा. किनाऱ्यावरची वाहतूक त्या त्या देशाच्या जहाजांसाठी राखून ठेवण्याची प्रथा अन्यत्र होती. तीच येथे असावी, एवढीच त्यांची मागणी. सरकारनेच नेमलेल्या समितीने १९२४ मध्ये ती उचलून धरली, परंतु सरकार हलले नाही. सिंदियाशी निगडित असलेले साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयकही तडीस गेले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर कंपनीचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. अर्ज, शिष्टमंडळे, व्यापारी संघांचे ठराव यांत त्यांनी खंड पडू दिला नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे ते पहिले अध्यक्ष होते. यात त्यांच्या कंपनीचा स्वार्थ नव्हता असे मुळीच नाही. परंतु देशाचे हित व स्वतःचे हित एकाच जहाजात बसले असता, त्या जहाजाला दोष का द्यावा, असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपल्या आजच्या कर्नाटक राज्यातही एक कारखाना उभा केला. म्हैसूर सरकार व दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. विशाखापट्टणम् येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांनी बसविली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. मुंबईस मोटारींचा कारखानाही त्यांनी काढला.

किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखण्याचे धोरण अखेर १९५० मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वीकारले. पण तोवर वालचंदांना पक्षाघाताने गाठले होते आणि त्याच वर्षी ते कारभारातून बाजूस झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठच दिवसांनी मुंबईहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या आगगाडीस शंभर वर्षे पुरी झाली.