निळ्या रंगाने उलगडलेले स्नायूंचे गूढ : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

हत्तीरोगावर दिली जाणारी डायइथिलकार्बामाझिनची गोळी देशात कोट्यवधी लोकांनी घेतली असेल. तिच्यामागील संशोधनाचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव मात्र तितके परिचित नाही. १२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास प्रांतातील भीमावरम येथे त्यांचा जन्म झाला. मद्रास येथे वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा पोशाख वापरला. प्राध्यापकांची नाराजी ओढवून अखेर त्यांना कनिष्ठ दर्जाच्या पदवीवर समाधान मानावे लागले.

पुढे अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत विकसित केली. ती १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. मॉलिब्डेटच्या साहाय्याने नमुन्यात निळा रंग येतो. तो जितका गडद, तितके फॉस्फेट अधिक. स्नायूंच्या अर्कात मात्र हा रंग सावकाश चढू लागला. एखाद्याने तो प्रयोगातील दोष मानून सोडून दिला असता. या दोघांनी त्या विलंबाचेच कारण शोधले. क्रिएटिनशी जोडलेले फॉस्फेट आम्लात हळूहळू सुटे होत होते! स्नायू आकुंचन पावताना हे फॉस्फोक्रिएटिन खर्च होते आणि विश्रांतीत पुन्हा तयार होते, असे १९२७ मध्ये दिसून आले. स्नायूंची शक्ती लॅक्टिक आम्लाच्या निर्मितीतून येते, या तेव्हाच्या प्रस्थापित मताला त्यामुळे हादरा बसला. १९२९ मध्ये त्यांनी एटीपी हा पेशीतील ऊर्जावाहक रेणूही वेगळा केला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी त्याच वर्षी तो स्वतंत्रपणे शोधला होता.

एवढे होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमचे पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले प्रयोगशाळेत गेले. संग्रहणीने भाऊ गमावलेल्या या संशोधकाच्या चमूने तेथे फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. त्या रेणूतील एका ऑक्सिजनच्या जागी अमिनो गट बसविला की अमिनोप्टेरिन बनते. पेशीतील विकर त्याला फॉलिक आम्लच समजून पकडते आणि अडकून पडते. डीएनए घडविण्याचे साहित्य मिळेनासे होऊन पेशींची वाढ खुंटते. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ बालकांना हे औषध दिले. त्यांपैकी १० बालकांमध्ये, काही काळापुरती का होईना, सुधारणा दिसली. हे निष्कर्ष जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्गातील मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर आणि संधिवातावर वापरले जाते.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे त्यांचे निधन झाले. मायदेशी परतणे त्यांना कधीच जमले नाही.