दादासाहेब फाळके आणि प्रकाशाचा हिशेब

लोहाऱ्यात असो की दादरला, स्टुडिओत पोर्ट्रेट काढताना फोटोग्राफर तीन गोष्टी जुळवतो: ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, शटरचा वेळ आणि प्रकाश. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके यांचंही हेच गणित होतं.

धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईचं जे. जे. स्कूल आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकून त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला. तेव्हा स्टुडिओचा मुख्य दिवा म्हणजे खिडकीतलं ऊन. काचेच्या प्लेटा मंद. भोक मोठं उघडलं तर डोळे स्पष्ट येतात, पण कान धूसर होतात. बारीक केलं तर सगळा चेहरा स्पष्ट, पण वेळ वाढतो आणि माणूस जरा हलला की फोटो गेला. म्हणून गिऱ्हाईकाला अगदी स्तब्ध बसवायचं.

गोध्र्यात प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल नेलं. ते बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ थाटला. पण कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो, आयुष्य कमी करतो, अशी अफवा गावभर पसरली आणि धंदा बसला. मग त्यांनी छपाईचा व्यवसाय धरला.

पुढे मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना सिनेमाचा ध्यास लागला. अतिश्रमाने काही काळ दृष्टीही गेली होती. तरी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि तंत्र शिकून आले. परतल्यावर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची रोज एक फ्रेम, अशी महिनाभर टिपून भांडवलदारांना दाखवली.

आता खरी अडचण बघा. सिनेमात माणूस हलणारच! सेकंदाला साधारण १६ फ्रेम म्हटल्या, तर एका फ्रेमला मिळतो सुमारे १/३२ सेकंद. स्टुडिओत अर्धा सेकंद घेतला असता, त्याच्या तुलनेत इथे १६ पट प्रकाश हवा. तेवढं मोठं भोक करायचं म्हणजे एफ/८ वरून थेट एफ/२ वर! एकट्या लेन्सवर ते भागणारं नव्हतं. म्हणून दादरला 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रण दिवसाउजेडी झालं. पत्नी सरस्वतीबाई उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश टाकायच्या, असं सांगतात. म्हणजे रिफ्लेक्टरच तो! चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले.

आज आपल्याकडे आयएसओ वाढवायची सोय आहे, पण त्याने फोटोत दाणे येतात. तेव्हा पोर्ट्रेट अंधारं येत असेल तर आधी खिडकीसमोर एक पांढरी चादर धरून बघा.