भूकंपाला टेबलावर आणणारे प्रोफेसर ओमोरी

स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र असावं असं संपादक मंडळाचं म्हणणं पडलं. आपल्याकडच्या थोरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी एका जपानी गृहस्थांना निवडलं. प्रोफेसर फुसाकिची ओमोरी. भूकंपशास्त्रात हे नाव आजही सतत घेतलं जातं. स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी आपल्या जनरल बॉडीत कॉलम, बीम आणि भिंती यांवरून जी गरमागरमी झाली (पाच वाजताची सभा साडेनऊला संपली!), तिचा धागासुद्धा शोधत गेलं तर या माणसापर्यंत पोहोचतो.

ओमोरींचा जन्म १८६८ चा, फुकुई गावचा. टोकियोच्या विद्यापीठातून १८९० मध्ये पदवीधर झाले आणि जॉन मिल्न या इंग्रज प्रोफेसरांच्या हाताखाली आले. मिल्न मूळचे खाणकाम आणि भूगर्भशास्त्र शिकवायला जपानात आले होते, पण तिथले धक्के अनुभवून भूकंपाच्याच मागे लागले. त्यांनी बनवलेलं भूकंपमापक यंत्र पुढे १८९८ च्या सुमारास आपल्या मुंबईत कुलाबा वेधशाळेतही बसवलं गेलं.

पदवी मिळाल्याच्या पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १८९१ ला, जपानच्या मिनो आणि ओवारी प्रांतांत प्रचंड भूकंप झाला. ७,००० हून जास्त माणसं गेली. विलायती पद्धतीच्या नव्याकोऱ्या विटांच्या इमारती कोसळल्या, नागारा नदीवरचा लोखंडी रेल्वे पूल पडला, आणि नागोयाचा जुना किल्ला मात्र उभा राहिला. आधुनिक बांधकामाचा अभिमान बाळगणाऱ्या सरकारला हा मोठाच धक्का होता. पुढच्याच वर्षी सरकारने भूकंपाच्या अभ्यासासाठी खास समिती नेमली.

धक्का नेमका केवढा होता हे मोजायचं कसं? या मंडळींनी एक साधी पण फार हुशारीची वाट धरली. ते कबरस्तानात गेले. तिथले उभे दगड कुठे पडले आणि कुठे टिकले ते पाहिलं. हिशोब तिसरी-चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे. दगडाच्या रुंदीला उंचीने भागायचं. एक फूट रुंद आणि चार फूट उंच दगड पडला असेल, तर जमिनीचा आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या निदान पाव पट होता. जास्त बुटका दगड पडला तर झटका त्याहून मोठा. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून फार मौज वाटली.

पण दगड कोलमडणं वेगळं आणि बांधलेली भिंत मोडणं वेगळं. त्यासाठी भूकंपाची वाट पाहत बसण्यापेक्षा भूकंप खोलीत आणावा, असं ठरलं. एक मोठं टेबल घ्यायचं, त्यावर विटांचे खांब बांधायचे आणि टेबल आडवं, मागे-पुढे हलवायचं. किती लांब हलवलं आणि किती वेगात, हे मोजत जायचं, खांब मोडला की थांबायचं. मिल्न आणि ओमोरी या दोघांचा या प्रयोगांवरचा निबंध १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. (आपल्या देशात भूकंपरोधक बांधकामाचं जे मानक आहे, त्याचा क्रमांकही आयएस १८९३ आहे! निव्वळ योगायोग.) खांबाचं स्वतःचं वजन हाच त्याचा शत्रू ठरतो, बुंध्यापाशी ताण सर्वांत जास्त येतो आणि विटा जोडणारा माल कमजोर असेल तर तिथेच सांधा उघडतो, हे डोळ्यांसमोर दिसलं. आज जपानमध्ये मिकी शहरात ई-डिफेन्स नावाचं २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद टेबल आहे. कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर ते उभारलं गेलं, २००५ मध्ये सुरू झालं, आणि त्यावर १,२०० टनांपर्यंतची अख्खी इमारत ठेवून हलवता येते. कल्पना तीच, टेबल मोठं.

१८९४ मध्ये ओमोरींनी आणखी एक नियम मांडला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोठ्या भूकंपानंतरचे छोटे धक्के दिवसांच्या प्रमाणात कमी होत जातात. ढोबळमानाने, पहिल्या दिवशी शंभर तर दहाव्या दिवशी दहा. कोयना आणि किल्लारीनंतर अंगणात झोपून रात्री काढलेल्या माणसांना हे कुणी समजावून सांगितलं असतं तर थोडा धीर आला असता.

१८९७ पर्यंत ते प्रोफेसर झाले होते. मग जिथे भूकंप तिथे ओमोरी. १९०५ मध्ये कांगड्याला सुमारे वीस हजार माणसं दगावली, तेव्हा ते भारतात आले होते. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तिथे त्या काळी जपानी लोकांबद्दल द्वेष होता, टोळक्यांनी या विद्वानावर रस्त्यात दगड मारले. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही आणि काम पुरं केलं. इटलीतल्या मेसिनाचे १९०८ चे बळी त्यांनी नागोयाशी ताडून पाहिले आणि बहुतेक मृत्यू वाईट बांधकामाच्या नावावर लिहिले. शिवाय पाचमजली पॅगोडे, पूल, उंच धुराडी, सगळ्यांची थरथर ते यंत्राने मोजत राहिले.

आता अवघड भाग. त्यांच्याच विभागात आकित्सुने इमामुरा नावाचे दोन वर्षांनी लहान सहकारी होते. १९०५ मध्ये त्यांनी एका मासिकात लिहिलं, की पन्नास वर्षांच्या आत टोकियोला मोठा भूकंप होईल, लाकडी घरं पेटतील आणि लाखावर माणसं मरतील, तेव्हा रॉकेलचे दिवे काढून विजेचे लावा. वर्तमानपत्रांनी ते भडक करून छापलं, शहरात घबराट उडाली. ओमोरींनी जाहीरपणे ते भाकीत निराधार ठरवलं. लोकांना शांत करणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यांना वाटलं असावं, आणि तारीख सांगता येत नाही हे शास्त्र म्हणून खरंही होतं. पण तारखेबरोबर दिव्यांचा सल्लाही वाहून गेला. इमामुरा पुढची कित्येक वर्षं टिंगलीचे धनी झाले. एकाच ऑफिसात, वरिष्ठ आणि कनिष्ठ!

१ सप्टेंबर १९२३. ओमोरी परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात होते आणि सिडनीची रिव्हरव्ह्यू वेधशाळा पाहत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर भूकंपमापकाची सुई हलू लागली. तो टोकियोचा भूकंप होता. तिकडे दुपारचे बाराला दोन मिनिटं कमी होती, घराघरांत चुली पेटलेल्या होत्या. मृत आणि बेपत्ता मिळून एक लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत.

ओमोरी लगेच परत निघाले. मेंदूत गाठ झालेली होती, बोटीवरच प्रकृती ढासळली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बोट योकोहामाला लागली, तेव्हा त्यांना भेटायला आलेल्यांत इमामुरा होते. आपल्याकडून चूक झाली हे ओमोरींनी त्यांच्यापाशी मान्य केलं असं सांगतात. ८ नोव्हेंबर १९२३ ला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते वारले. त्यांच्या जागेवर इमामुरा आले. पुढच्या वर्षी जपानच्या बांधकामाच्या नियमांत दुरुस्ती झाली: इमारतीच्या वजनाच्या एक दशांश इतका आडवा जोर ती सोसेल, असं धरूनच नकाशे करायचे.